माझी मदत करा

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत माझ्याकडे दोन पदं होती. एक सेक्रेटरीचं. ते बिनविरोध मिळालं, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. दुसरं व्याकरणाच्या हवालदाराचं. ते माझं मीच घेतलं होतं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चार नियमांची भर मला तोंडपाठ. शर्टाच्या खिशात कायम लाल पेन. नोटीस बोर्डावर कुणी ‘बी विंगच्या जिन्यात चावी भेटली आहे’ असं लिहिलं, की मी जाऊन ‘भेटली’ खोडायचो आणि ‘सापडली’ लिहून यायचो. माणसं भेटतात, पैसे मिळतात, चाव्या सापडतात. हे मी लिफ्टमध्ये इतक्यांदा ऐकवलं की चौथ्या मजल्यावरचे लोक गुडघे दुखत असतानाही जिन्याने जायला लागले.

घरातही तेच. नात वही घेऊन यायची. “आजोबा, माझी मदत करा ना!”

“माझी नाही. मला. मला मदत करा. ‘माझी मदत’ हे हिंदीतून आलंय. मेरी मदद करो.”

तोवर तिने गणित आजीकडून सोडवून घेतलेलं असायचं. ही म्हणायची, “पोरगी विहिरीत पडली तरी तुम्ही आधी तिची विभक्ती सुधाराल, मग दोर टाकाल.” मुलुंडात विहिरी राहिलेल्या नाहीत, त्यामुळे हा आरोप सिद्ध व्हायचा राहिला.

बँकेतून निवृत्त झालो आणि एका सकाळी पेपरात घातलेलं पत्रक हाती आलं. घाटकोपरच्या एका कॉलेजात ‘भाषाविज्ञान व तौलनिक साहित्य’ असा शनिवार दुपारचा वर्ग सुरू होणार होता. वयाची अट नाही. या तीन शब्दांवर मी विरघळलो. शिवाय भाषाविज्ञान म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, कारण तरुणपणी दादरला ‘ती फुलराणी’ पाहिलं होतं. पुलंचं १९७५चं नाटक. फुलं विकणाऱ्या मंजुळेची वाणी सुधारणारे प्रोफेसर अशोक जहागीरदार हे भाषाशास्त्रज्ञच की! लोक भक्ती बर्वे यांच्यासाठी पुन्हापुन्हा जायचे. मी प्रोफेसरसाठी गेलो होतो. चारचौघांचे उच्चार बिनदिक्कत सुधारायचे आणि वर त्याचं मानधन घ्यायचं, हा धंदा मला पसंत होता. हवालदाराचा इन्स्पेक्टर व्हायची वेळ आली, असं समजून मी फी भरली.

ही म्हणाली, “हे शिकून काय होणार?”

प्रश्न रास्त होता. अमेरिकेत म्हणे कम्युनिटी कॉलेजात कुणीही, कधीही, काहीही शिकायला जातं. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच नावाची योजना काढली, पण ती हाताला काम मिळावं म्हणून. या योजनेत भाषाविज्ञान घ्यायचं तर कुठलं काम लिहायचं? पाणिनी आज आला असता तरी त्याला ‘अपेक्षित वेतन’ हा रकाना कोराच सोडावा लागला असता. आमच्या कॉलेजच्या फाटकावरच्या फळ्यावर ओळीने टॅली, ब्यूटी पार्लर, फॅशन डिझायनिंग आणि सगळ्यात खाली भाषाविज्ञान होतं. ब्यूटी पार्लरचा वर्ग शेजारच्याच खोलीत भरायचा. ‘स्वनिम’ म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारा ध्वनी, ही संकल्पना मी हेअर ड्रायरच्या आवाजात शिकलो.

खरं तर हा विषय आपल्याकडे काही उपरा नाही. कलिन्याला विद्यापीठात भाषाविज्ञान विभाग आहे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तर त्यात नाव कमावलेलं. तौलनिक साहित्य कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठात १९५६पासून शिकवतात. पण मुलुंडच्या माणसाला शनिवारी दुपारी परवडतं ते घाटकोपर. मुलुंडहून स्लो गाडीने पाच स्टेशनं.

वर्गात आम्ही नऊ जण. नेटच्या परीक्षेची तयारी करणारी दोन पोरं, घाटकोपरच्याच एका साडीच्या दुकानातल्या गुजराती सूनबाई, अंधेरीच्या मरोळ गावठाणातून येणाऱ्या फ्रॉकमधल्या एक वयस्क बाई, असे. सर पस्तिशीचे. खादीचा कुडता नाही, झोळी नाही. माझा पहिला अपेक्षाभंग तिथेच झाला.

सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला : जरा. मला वाचायला सांगितला. मी वाचला, ‘जरा थांबा’मधला.

“आणि म्हातारपण या अर्थाचा?”

तोही वाचला. आणि तोंड तसंच उघडं राहिलं. पहिला ‘ज’ दातांपाशी, जहाजातला. दुसरा टाळूपाशी, जनतेतला. अक्षर तेच, काना तोच, शब्द मात्र दोन. ‘जग’चंही तसंच. अख्खी दुनिया या अर्थाचं जग वेगळं आणि ‘सुखाने जग’मधलं वेगळं. ‘चार’ आणि ‘चारा’ बोलून पाहा. बासष्ट वर्षं मी हे दोन ‘च’ आणि दोन ‘ज’ बिनचूक बोलत आलो होतो आणि दोन आहेत हे मला माहीत नव्हतं. महामंडळाच्या अठरा नियमांतून हा फरक कागदावर उतरत नाही. कुणी शिकवलेला नाही, कुणी तपासलेला नाही, आणि तरी निरक्षर बाईचाही तो चुकत नाही. मी त्या दिवशी घरी जाताना गाडीत ‘जरा, जरा’ पुटपुटत होतो. समोरच्या माणसाने सरकून जागा दिली. आता ती कुठल्या ‘जरा’मुळे दिली ते कळायला मार्ग नाही.

पुढच्या शनिवारी मी मुद्द्याला हात घातला. “सर, लोक ‘मला पैसे भेटले’ म्हणतात. हे अशुद्धच ना?”

सर म्हणाले, “कोण म्हणतं?”

“सगळेच.”

“सगळे म्हणजे कोण? वय काय? घरी कुठली भाषा? कुणाशी बोलताना? नोंद करून आणा.”

“पण चूक की बरोबर?”

“तुम्ही नोंद आणा.”

चोराला पकडून चौकीत न्यावं आणि फौजदाराने चोराचं बालपण विचारावं, तसं झालं. तरी मी वही केली. लाल पेनाच्या जागी पेन्सिल आली. गाडीत, मेट्रोच्या पुलावर, कुर्ल्याच्या जिन्यावर मी माणसांच्या मागे उभा राहून ऐकू लागलो. एकदोघांनी पाकीट चाचपून पाहिलं.

ऐकू लागलो तसं एकेक लक्षात आलं. ज्या मुंबईच्या हिंदीला मी टपोरी म्हणून नाक मुरडायचो, तिच्यातलं ‘वो आयेला है’, ‘मैं खायेला है’ हे आपलंच ‘आलेला’, ‘खाल्लेला’ आहे. ‘वाट लग गई’ तर उघडउघड आपल्या घरातून गेलेलं. म्हणजे हिंदीने मराठी बिघडवली म्हणून मी जी फिर्याद घेऊन फिरत होतो, तीच फिर्याद अलाहाबादचा एखादा निवृत्त बँकवाला आपल्याविरुद्ध करत असणार. आणि एक दृश्य तर मी वहीत पाच वेळा नोंदवलं आहे : रिक्षावाला आणि गिऱ्हाईक दोघं दहा मिनिटं हिंदीत घासाघीस करतात, मग एकाचा फोन वाजतो, तो “हां आई, बोल” म्हणतो, आणि दुसरा म्हणतो, “मग मघापासून मराठीत बोला की!” यातल्या एका वेळी गिऱ्हाईक मीच होतो.

मराठीतला ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेदही मी तिथेच शिकलो. द्रविड भाषांत तो आहे, गुजरातीत आहे, हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही. ऐकणाऱ्याला धरून तो ‘आपण’, वगळून तो ‘आम्ही’. सोसायटीच्या सभेत मात्र याचा तिसरा उपयोग चालतो. “आपण टाकी साफ करून घेऊ” याचा अर्थ सेक्रेटरीने करून घ्यावी.

खरा दणका बसला तो नोटिशीच्या तासाला. ‘शुद्ध मराठीचा नमुना’ म्हणून मी माझीच एक नोटीस घेऊन गेलो होतो. ‘इमारतीच्या दुरुस्तीच्या खर्चाची रक्कम मालकांनी १० तारखेच्या मुदतीत जमा करावी. हरकत असल्यास अर्ज द्यावा.’ सरांनी ती फळ्यावर उतरवली आणि डस्टर घेतलं. म्हणाले, अरबी-फारसीतून आलेले शब्द पुसू या. इमारत गेली. दुरुस्ती गेली. खर्च, रक्कम, मालक, तारीख, मुदत, जमा, हरकत, अर्ज गेले. सेक्रेटरी म्हणून माझा सगळा संसारच त्या डस्टरखाली गेला. फळ्यावर उरलं ते ‘च्या, च्या, ची, नी, १०, च्या, त, करावी, असल्यास, द्यावा’.

वर्ग हसला. मी म्हणालो, “दुरुस्तीचं काम तरी मराठी माणूस करतो.” सर म्हणाले, त्या माणसाला काय म्हणता? मिस्त्री. तो सिमेंट कशात कालवतो? घमेल्यात. त्याला शनिवारी काय देता? पगार. कपाट कशाने उघडून देता? चावीने. हे सगळे पोर्तुगीज. मधल्या सुट्टीत मी वडापाव खाल्ला, त्यातला बटाटाही पोर्तुगीज आणि पावही. घरी आल्यावर पोळीवर तूप वाढताना हिने विचारलं, “आणखी घालू?” मी म्हणालो, “घाल, कानडी आहे.” ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो हे फारसी शब्द जाऊन त्यांच्या जागी संस्कृत यावेत म्हणूनच. त्यामागे राज्याचा अभिमान होता, आणि तो मोठा होता. पण साडेतीनशे वर्षं होत आली, अर्ज अजून अर्जच आहे.

सरांचा मुद्दा वेगळाच होता. फळ्यावर उरलेल्या ‘च्या, ची, नी’वर त्यांनी खडूने गोल केला. म्हणाले, भाषेचं घर हे इथे असतं. भाडेकरू कुठूनही येऊ देत, प्रत्यय घरमालकाचा लागतो.

मला हवा तो धागा सापडला. मी उभाच राहिलो. “मग सर, ‘माझी मदत करा’ यात तर प्रत्ययच बदललाय! भाडेकरू नव्हे, भिंतच हलली!”

सर खूश झाले. वर्षभरात ते माझ्यावर खूश झाले ते एवढंच. म्हणाले, “कुपवाड वाचा.”

कुपवाड म्हणजे सांगलीजवळचं, आपल्याला एमआयडीसीमुळे माहीत असलेलं. पण जगात जिथे जिथे भाषाविज्ञान शिकवतात तिथे या गावाचं नाव घेतात. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी १९७१ साली त्यावर निबंध छापला. गावात मराठी, कानडी, उर्दू आणि थोडी तेलुगू. प्रत्येकाच्या घरात आपापली भाषा, चावडीवर सगळ्यांशी बोलणं. शतकानुशतकं असं चाललं आणि शब्द आपापले राहिले, पण वाक्यांची ठेवण इतकी एक झाली की एका भाषेतल्या वाक्याखाली दुसरीचे शब्द ओळीने मांडत गेलं तरी वाक्य उभं राहतं. म्हणजे कुपवाडकरांनी शब्द सोडले नाहीत, भिंती मात्र सामाईक केल्या. सोसायटीच्या पोटनियमांत बसणार नाही असं बांधकाम. पण गाव त्यावर नीट चाललेलं होतं, आणि कुणी लाल पेन घेऊन फिरल्याची नोंद त्या निबंधात नाही.

मरोळच्या बाईंशी ओळख मात्र माझ्या चुकीने झाली. कौतुक म्हणून मी म्हणालो, “तुम्ही मराठी किती छान बोलता हो!”

“थँक यू. तुम्ही मुलुंडला कधी आलात?”

“चौऱ्याऐंशी साली. साताऱ्याहून.”

“आम्ही मरोळलाच होतो,” त्या म्हणाल्या. “पोर्तुगीज आले तेव्हाही.”

त्या ईस्ट इंडियन. हे नाव या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं. पश्चिम किनाऱ्यावरची मूळ माणसं आणि नाव ईस्ट! घरात बोलतात ती मराठीचीच एक बोली. साष्टीतल्या गावठाणांत अंधेरीचं मेट्रो स्टेशन यायच्या कितीतरी आधीपासून ती बोलली जात होती. बाईंना शाळेत त्या बोलीवरून हसत असत. हसणारे माझ्यासारखेच कुणीतरी असणार, म्हणून मी पुढचं काही विचारलं नाही.

तौलनिक साहित्याच्या तासाला त्याच बाईंनी ‘क्रिस्तपुराणा’वर निबंध वाचला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा माणूस १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने बायबलची कथा मराठी ओवीत लिहिली. सुमारे अकरा हजार ओव्या. १६१६ साली छापली. ज्या इंग्रजाला बोटीतून उतरल्यावर तहान लागली तरी पाणी मागता आलं नसेल, त्याने ओवी लिहावी आणि आमच्या सोसायटीतल्या सातारकराला गणपतीच्या वर्गणीची पावती धड लिहिता येऊ नये! मी वहीत हे वाक्य लिहिलंसुद्धा. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “आणि छापली रोमन लिपीत.”

हे वाक्य मला बसलं. कारण सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, त्यांच्यासाठी मी गेली पाच वर्षं रोज सकाळी एक फटकाऱ्याचा संदेश टाकत होतो. ‘पाणी आले नाही’ असं कुणी रोमन अक्षरांत कळवलं, तर मी आधी लिपीबद्दल लिहायचो, मग पंप सुरू करायला जायचो. आणि इथे मराठीतलं एवढं थोरलं पुराण चारशे वर्षांपूर्वी त्याच अक्षरांत छापलेलं. त्या रात्री मी ग्रुपवर काही टाकलं नाही. सकाळी तिघांनी तब्येतीची चौकशी केली.

माझा निबंध अर्थातच ‘पिग्मॅलियन’ आणि ‘ती फुलराणी’वर. लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर कळलं, की इंग्रजी उच्चारांवरचं शॉचं हे नाटक रंगमंचावर पहिल्यांदा आलं ते १९१३ साली, व्हिएन्नात, जर्मन भाषेत. लंडनच्या लोकांनी ते पुढच्या वर्षी पाहिलं. उच्चाराचं नाटक भाषांतरात आधी! मग पुलंनी ते मराठीत आणलं तेव्हा त्यांना काय करावं लागलं असेल? लंडनच्या गरिबाचा ‘ह’ गळतो. आपल्याकडे काय गळतं? ‘ण’. ‘पानी’ म्हणणारा एका पायरीवर, ‘पाणी’ म्हणणारा दुसऱ्या. या एका अक्षरावर आपण माणसाचं गाव, जात, शाळा सगळं जोखतो. मी तर अर्ध्या वाक्यात जोखायचो.

सरांनी निबंधाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं : ‘महाराष्ट्री प्राकृत पाहा.’ पाहिलं. दोन हजार वर्षांपूर्वी याच मुलखाचं नाव लावणाऱ्या महाराष्ट्री प्राकृतात ‘न’चा सगळीकडे ‘ण’ होतो. नयनसुद्धा ‘णअण’. व्याकरणकार वररुचीने तसा नियमच सांगून ठेवलाय. म्हणजे तेव्हा मी असतो, तर ‘न’ म्हणणाऱ्यांना लाल पेन दाखवत फिरलो असतो, आणि ‘जन’ म्हणणाऱ्याला ‘जण’ म्हण असं बजावलं असतं. पेन तेच, अक्षर तेवढं उलटं.

शेवटची सहल कान्हेरीला. बोरिवलीला उतरून (बोरिवली की बोरीवली? पाट्या दोन्ही तऱ्हेच्या दिसतात, मी फक्त नोंद केली) नॅशनल पार्कातून वर. शंभराहून जास्त लेणी, ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख. अमक्याने पाण्याची टाकी दिली, तमक्याने लेणं कोरवलं, सोपाऱ्याचा, कल्याणचा. मुलुंडच्या स्मशानातल्या बाकांवर ‘यांच्या स्मरणार्थ’ असतं तेच, फक्त दगड टिकाऊ. नव्वदाव्या लेण्यात पहलवी भाषेत लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. इराणी वंशाचे पारशी प्रवासी इथे येऊन गेले, त्यांनी आपली नावं आणि दिवस कोरून ठेवले. त्यात बाकी फार काही नाही. आम्ही येऊन गेलो, इतकंच. शेजारी एक पोरगा खिळ्याने बदाम कोरत होता, त्याला रखवालदाराने हाकललं. त्याला हजार वर्षं उशीर झाला.

परीक्षा झाली. पास झालो. नोकरी कुणी दिली नाही, मागितलीही नव्हती. लाल पेन टेबलाच्या खणात गेलं. नात आता “माझी मदत करा” म्हणते तेव्हा मी तारीख घालून वहीत लिहितो आणि मदत करतो.

वर्ग संपला, तरी मला एक प्रयोग करून पाहायचा होता. पाणीकपातीची नोटीस मी दोन्ही विंगमध्ये लावली. ए विंगमध्ये ‘पाणी सकाळी ६ ते ८ मिळेल’, बी विंगमध्ये ‘पाणी सकाळी ६ ते ८ भेटेल’. कोण हरकत घेतं ते पाहायचं. तीन दिवस कुणी हूं की चूं केलं नाही. चौथ्या दिवशी बी विंगच्या नोटिशीवर ‘भेटेल’ लाल शाईने खोडून वर ठसठशीत ‘मिळेल’ लिहिलेलं होतं.

अक्षर हिचं आहे. पेन माझ्या खणातलं.